बिअरचें यीस्ट आधीं वाढवून घ्यावें कीं न घ्यावें?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, जावई व पुतणे हल्लीं नोकरीनिमित्त विलायतेंत आणि अमेरिकेंत स्थायिक झाले आहेत. त्या देशांत घरच्या घरीं बिअर करण्याचा छंद पुष्कळ कुटुंबांतून आढळतो, आणि आपल्याही मंडळींस तो लागतो. एका सभासदबंधूंनीं आपल्या पुतण्याची अडचण आम्हांस लिहून कळविली आहे कीं, यीस्टचें पाकीट आणलें तसेंच ओतावें असें एक म्हणतो, तें आधीं दोन दिवस वाढवून मगच घालावें असें दुसरा म्हणतो. तर यांत खरें काय? हा प्रश्न सातूच्या पिकाचा, जिवंत बियाण्याचा आणि थोड्याशा हिशेबाचा आहे; सबब या मासिकांत त्याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

तत्पूर्वीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वयें परवान्यावांचून मादक पेय तयार करणें हा गुन्हा आहे, मग तें घरच्यापुरतें का असेना. तेव्हां येथील कोणीं हा लेख वाचून चुलीवर भांडें चढवूं नये. विलायतेंतही ही मोकळीक फार जुनी नाहीं. तेथें १८८० सालीं माल्टवरील कर उठवून बिअरवर कर बसविण्यांत आला, आणि घरीं बिअर करणारासही परवाना काढावा लागूं लागला. तो परवाना १९६३ सालच्या अंदाजपत्रकांत अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनीं रद्द केला. अमेरिकेंत १९७८ सालीं अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनें झालेल्या कायद्यान्वयें एका प्रौढ माणसाच्या घरास वर्षास १०० गॅलन, व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बिअर करावयास कर लागत नाहीं. मात्र अलाबामा व मिसिसिपी या राज्यांनीं आपले स्वतःचे निर्बंध २०१३ सालीं काढले. विक्रीची परवानगी यांत नाहीं. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें कराच्या या कथा आम्हांस बिअरपेक्षांही गोड लागतात. परंतु येथें त्या आवरत्या घेतों.

बिअर होते कशी, हें थोडक्यांत सांगावें लागेल. सातूस मोड आणून तो वाळवितात. त्यास माल्ट म्हणतात. तो भरडून साधारण ६५ ते ६७ अंश उष्ण पाण्यांत तासभर भिजत ठेवला म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होते. तें गोड पाणी निथळून, हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें त्यांत घालून, तासभर उकळावयाचें व निववावयाचें. येथपर्यंत तें केवळ एक कडूगोड काढा असतें. त्याची बिअर करणारें यीस्ट हा एकपेशीय जीव असून तो साखर खातो, मद्यार्क व कर्बवायु बाहेर टाकतो आणि स्वतः वाढतो.

गंमत अशी कीं, १५१६ सालीं बव्हेरियांत झालेल्या सुप्रसिद्ध कायद्यांत बिअरचे घटक म्हणून सातू, हॉप्स व पाणी एवढींच नांवें आहेत. यीस्टचें नांव नाहीं. मागच्या घाण्याचा फेंस किंवा तळचा गाळ पुढच्यास लावावयाचा, म्हणजे आपल्या घरीं कालच्या दह्याचें विरजण आज दुधास लावतात तसाच तो प्रकार होता. १६८० सालीं लेवेनहूक यानें सूक्ष्मदर्शकांतून यीस्टचे गोल कण पाहिले; १८७६ सालीं पाश्चर यानें बिअरवर ग्रंथ लिहून तिच्या बिघाडाचें खापर परक्या जंतूंवर फोडलें; आणि १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत हान्सेन यानें एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविलें. आज दुकानांत मिळणारें पाकीट हें त्या शोधाचें फळ होय.

हें पाकीट दोन जातींचें असतें. एक सुकें, बहुधा ११ ग्रॅमचें. दुसरें ओलें, द्रवरूप. ओल्याच्या बहुतेक पाकिटांत कारखान्यांतून निघतांना सुमारें १०० अब्ज पेशी असतात. कांहीं कारखाने २०० अब्जांचींही करितात. ओल्या पाकिटांतील यीस्ट थोड्या पातळ माल्टपाण्यांत एक-दोन दिवस वाढवून मग मुख्य घाण्यांत घालणें, यास ते लोक स्टार्टर म्हणतात. आम्ही त्यास रोप म्हणूं. कारण भाताचें बीं थेट शेतांत फेंकावें कीं वाफ्यांत तरवा टाकून मग लावणी करावी, हाच तो प्रश्न आहे. रोप तयार करण्यांत दोन लाभ असतात : संख्या वाढते, आणि बीं जिवंत आहे कीं मेलेलें हें लावणीपूर्वींच कळतें. यांपैकीं दुसऱ्या लाभाकडे लोकांचें दुर्लक्ष होतें, आणि आमच्या मतें मोठा लाभ तोच.

आतां हिशेब. बिअर करणारांत एक प्रमाण रूढ आहे. एल जातीच्या बिअरला (ही १८ ते २२ अंश उष्णतेंत होते) दर मिलिलिटरास व साखरेच्या दर अंशास साडेसात लाख पेशी. आणि लागर जातीच्या बिअरला (ही ८ ते १३ अंश थंडींत होते) त्याच्या दुप्पट, म्हणजे पंधरा लाख. साखरेचा अंश म्हणजे १०० ग्रॅम रसांत जितके ग्रॅम साखर तितके अंश. हायड्रोमीटरवर १.०४८ असें विशिष्ट गुरुत्व आलें म्हणजे अदमासें १२ अंश समजावे. मग २० लिटरांच्या घाण्यास २०,००० गुणिले १२ गुणिले साडेसात लाख, म्हणजे १८० अब्ज पेशी लागल्या. तोच घाणा लागरचा असेल तर ३६० अब्ज. आणि १.०८० गुरुत्वाची भारी एल असेल, म्हणजे सुमारें १९ अंशांची, तर २९० अब्जांच्या आसपास. पाकिटांत तर १०० च अब्ज!

शिवाय त्या १०० अब्जांस दिवसागणिक घट लागते. थंड कपाटांत ठेवलें तरी ओलें यीस्ट महिन्यास पंचमांश मरतें असा जुना ठोकताळा आहे. तो कांहींसा कडक आहे. चांगलें जपलेलें यीस्ट इतकें लौकर मरत नाहीं. तथापि उन्हाळ्यांत टपालगाडींत चार दिवस तापून आलेलें पाकीट ठोकताळ्यापेक्षांही वाईट निघूं शकतें. आणेवारी काढतांना बांधावरून पीक पाहणें निराळें आणि कापणीप्रयोगांत दाणे मोजणें निराळें. पाकिटावरील आंकडा हा बांधावरचा अंदाज होय.

बीं कमी पडलें तर काय होतें, तें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं हिंवाळ्याच्या तोंडीं आम्ही कन्येकडे यॉर्कशर परगण्यांत चार महिने होतों. जावईबापूंनीं नाताळांत कचेरींतील स्नेह्यांस देण्याकरितां भारी काळी एल करावयाचें योजिलें. सात किलो माल्ट, दिवसभर खपणें, गुरुत्व बरोबर १.०८०. यीस्टचें पाकीट चार महिन्यांपूर्वींचें होतें. आम्हीं सहज विचारिलें, "जावईबापू, बीं जुनें नाहीं ना?" ते म्हणाले, "अण्णा, मुदत अजून संपलेली नाहीं." मुदत संपलेली नव्हती हें खरें, परंतु ठोकताळ्याप्रमाणें १०० अब्जांतील ४१ अब्जच उरले होते, आणि गरज २९० ची, म्हणजे सातव्या हिश्शावर पेरणी! तीन दिवस फेंस आला नाहीं. चौथ्या दिवशीं आला तो मरगळलेला. दोन आठवड्यांनीं गुरुत्व १.०४० वर अडून बसलें, जें १.०२० पर्यंत तरी उतरावयास हवें होतें. चव पाहिली तर गोड, आणि वर तीव्र स्पिरिटासारखा झणका. तें सर्व मोरींत ओतावें लागलें. जावईबापू त्या दिवशीं जेवतांना बोलले नाहींत.

असें कां व्हावें, याचें कारण साधें आहे. थोड्या पेशींस पुष्कळ वेळां दुप्पट व्हावें लागतें. दर खेपेस पेशीला आपलें आवरण नवें घालावें लागतें. त्यास लागणारें स्निग्ध द्रव्य ती प्राणवायूवांचून करूं शकत नाहीं, आणि रसांत हवेंतून विरघळणारा प्राणवायु जेमतेम ८ मिलिग्रॅम लिटरला. तो प्रारंभींच संपतो. मग उरलेल्या पिढ्या पातळ कातडीच्या, मद्यार्क वाढला कीं गळणाऱ्या. वाढीच्या त्या धांदलींत नको तीं वासाचीं द्रव्यें अधिक उत्पन्न होतात. आणि पहिले दोन-तीन दिवस रस उघडा पडल्यामुळें परक्या जंतूंस आयतें कुरण मिळतें.

तर मग सर्वांनीं सर्वदा रोप करावें, असें म्हणावें काय? आमचें मत तसें नाहीं. 

सुकें यीस्ट असेल तर रोप करूंच नये. सुकें यीस्ट कारखान्यांत भरपूर हवा देऊन वाढवितात; वाळविण्यापूर्वीं त्याच्या अंगांत तीं स्निग्ध द्रव्यें व खाद्याचा सांठा भरलेला असतो, म्हणजे शिदोरी बांधूनच तें निघालेलें असतें. त्यास आधीं पातळ रसांत वाढवूं गेलें तर ती शिदोरी वाटेंतच खाऊन संपते. अधिक पाहिजे तर दुसरें पाकीट फोडावें. रोपाच्या खटाटोपापेक्षां तें सोपें व निर्धोक. साध्या एलला लिटरामागें अर्धा ते पाऊण ग्रॅम, आणि लागरला पाऊण ते सव्वा ग्रॅम असें प्रमाण कारखानदार स्वतःच सांगतात. जावईबापूंनीं ती काळी एल जानेवारींत पुनः केली ती सुक्या यीस्टचीं दोन पाकिटें घालून. ती दुसऱ्या दिवशीं सकाळींच फेंसाळली.

ओलें यीस्ट, तेंही ताजें, म्हणजे महिन्याच्या आंतलें, आणि घाणा हलका, १.०५० च्या आंतला, असेल तर? येथें दोन पक्ष आहेत. वर दिलेल्या प्रमाणानें २० लिटरांस १५० ते १८५ अब्ज हवे आणि पाकिटांत १००. कारखानदार मात्र म्हणतात कीं १.०६० पर्यंत एक पाकीट पुरे. एक पक्ष म्हणतो, कारखानदार आपला माल खपविण्यासाठीं असें म्हणतात. आम्हांस हें पटत नाहीं. माल खपवावयाचा असता तर त्यांनीं दोन पाकिटें घाला असें सांगितलें असतें! खरी गोष्ट अशी कीं, तें प्रमाण मोठ्या कारखान्यांच्या अनुभवावरून आलेलें आहे, जेथें मागच्या घाण्याचें दमलेलें यीस्ट पुनःपुनः वापरतात. प्रयोगशाळेंतून नुकतेंच निघालेलें तरणें यीस्ट त्याच्या निम्म्यानेंही काम भागवितें. म्हणून ताजें पाकीट व हलकी एल असतां रोप न केलें तरी बिअर बिघडत नाहीं. जर्मन धर्तीच्या गव्हाच्या बिअरमध्यें केळ्याचा वास यावा म्हणून कांहीं जण मुद्दामच कमी यीस्ट घालतात.

परंतु पाकीट दोन महिन्यांहून जुनें, किंवा घाणा १.०६० च्या वरचा, किंवा लागर करावयाची, यांपैकीं एकही गोष्ट असेल तर रोप करावेंच. नाहींतर दोन पाकिटें विकत घ्यावीं. आणि पाकीट प्रवासांत तापलें असा नुसता संशय असला तरी रोप करावें. रोपास फेंस आला नाहीं तर बीं मेलें असें समजून सात किलो माल्ट भिजविण्याचें तहकूब ठेवतां येतें. रोपाचा खर्च मूठभर माल्टच्या सुक्या अर्काचा, आणि राखण होते सबंध घाण्याची.

रोप करण्याची कृति अशी. एक लिटर पाण्यास १०० ग्रॅम माल्टचा सुका अर्क. म्हणजे गुरुत्व १.०३० ते १.०४० च्या दरम्यान येतें. याहून दाट करूं नये. रोपवाटिकेंत खताचा मारा केला म्हणजे रोपें माजतात पण शेतांत तग धरीत नाहींत, तसेंच हें. दहा-पंधरा मिनिटें उकळावें, आणि उकळतांना जवळ उभें राहावें, कारण हा रस दुधापेक्षांही लबाड असून डोळा चुकवून उतूं जातो. मग झांकून २० अंशांच्या आसपास निववावा व यीस्ट घालावें. भांड्याचें तोंड धातूच्या पातळ पत्र्यानें सैल झांकावें. बूच घट्ट मारूं नये, कर्बवायूनें बाटली फुटते. येतांजातां भांडें हलवीत राहावें, म्हणजे हवा मिळून वाढ अधिक होते. हौशी लोक यासाठीं चुंबकाची ढवळणी घेतात. ती असली तर उत्तम, नसली तर कांहीं अडत नाहीं. एका दिवसांत, फार तर दीड दिवसांत, काम होतें. मग एक-दोन दिवस थंड कपाटांत ठेवावें. पेशी तळीं बसतात. वरचें पाणी ओतून टाकून तळचा पांढरट गाळ तेवढा घाण्यांत घालावा. लागरच्या मोठ्या रोपाचें पाणी तर अवश्य टाकावें. तें बेचव असतें.

येथें एक फसगत होते. भांडें दुप्पट केलें म्हणजे पेशी दुप्पट होतील असें नव्हे. १०० अब्ज पेशी एक लिटर रसांत घातल्या तर अदमासें दीडशें अब्ज होतात, दोन लिटरांत दोनशें, आणि वीस लिटरांत घातल्या तरी सुमारें सहाशेंच. पेशी अशा आंकड्यांनीं चढतात, चक्रवाढ व्याजानें नव्हे. म्हणून लागरला ३६० अब्ज पाहिजेत तर एका पाकिटावर मोठा हंडा भरण्यापेक्षां दोन टप्प्यांनीं रोप करावें : आधीं दीड-दोन लिटर, गाळ बसवून पाणी टाकावें, मग पुनः तितकाच रस. यास चार-पांच दिवस जातात, आणि तेवढी सवड ज्यास नाहीं त्यानें सुक्या यीस्टची लागर करावी, हें आमचें स्वच्छ मत आहे.

रोपाची दुसरी बाजू आम्हांस यॉर्कशरांतच दिसली. काळ्या एलच्या यशानंतर जावईबापूंस रोपाचा असा नाद लागला कीं, ताजें पाकीट व हलकी एल असतांही ते रोप घालूं लागले. एके शनिवारीं रोपाचें भांडें त्यांनीं ओट्यावर ठेवलें. शेजारींच आमच्या कन्येनें इडलीचें पीठ आंबत ठेवलेलें आणि पलीकडे दह्याचें विरजण. ती म्हणाली, "अहो, इथें नको ठेवूं, माझं पीठ उतू गेलं तर तुमच्या भांड्यावर जाईल." पीठ उतूं गेलें नाहीं, परंतु हलवितांना वरचा पत्रा तीन-चार वेळां उघडला गेला, एकदां तर पिठाच्याच हातानें. त्या घाण्याची बिअर पंधरा दिवसांत आंबट झाली. यीस्ट कमी नव्हतें. आंबविणारे दुसरे जंतु बरोबर गेले होते. हॉप्सच्या कडवटपणानें दह्यापिठांतील जातीचे जंतु पुष्कळ अंशीं दबतात, म्हणून मुख्य घाण्यास थोडें संरक्षण असतें. रोपाच्या रसांत हॉप्स नसतात. तें उघडें कोवळें शेत होय. तेथें तण एकदां माजलें म्हणजे लावणीबरोबर तेंही सर्व शेतभर जातें. जेथें रोपाची गरज नाहीं तेथें तें करणें म्हणजे निष्कारण एक दार उघडें ठेवणें. आणि गरज असेल तर तें अशा खोलींत करावें कीं जेथें पीठ, दहीं, फळें यांचा संबंध नाहीं. भांडें जंतुनाशकानें धुतलेलें, पत्रा एकदां लावला तो शेवटींच काढावयाचा.

हीच गोष्ट आमच्या येथील सभासदांस दुसऱ्या रूपानें लागू आहे, म्हणून तेवढी सांगतों. सोयाबीन व हरभऱ्याच्या बियाण्यास चोळण्याचें रायझोबियमचें खत आपण विकत आणतों. सरकारी मानकाप्रमाणें भुकटीच्या खतांत ग्रॅममागें किमान ५ कोटी व द्रवरूपांत मिलिलिटरामागें किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. हें पाकीट दुकानाच्या उन्हांत पडलेलें असेल तर बीं मेलेलेंच, मग पाकिटावर मुदत कांहींही असो. तेव्हां कित्येकजण एक बाटली आणून ती गुळाच्या पाण्यांत पिंपभर वाढवितात व पैसे वांचले असें समजतात. वाढतें खरें, पण काय वाढतें? गूळपाण्यांत रायझोबियमपेक्षां जोमानें वाढणारे शेंकडों जंतु पिंपांत, पाण्यांत व हवेंत असतातच, आणि हॉप्ससारखा राखणदार तेथें कोणी नाहीं. पिंपांतील फेंस पाहून आपलाच जिवाणू वाढला असें मानणें म्हणजे बांधावरून हिरवळ पाहून गव्हाची आणेवारी लावणें. रायझोबियम ताजें आणावें, सावलींत ठेवावें, पेरणीच्याच दिवशीं चोळावें.

पुतण्याच्या प्रश्नांत आणखी एक पोटप्रश्न आहे कीं, मागच्या घाण्याचा गाळ रोपाऐवजीं चालेल काय? चालतो, आणि पुष्कळदां उत्तम चालतो. घट्ट गाळाच्या एका मिलिलिटरांत अदमासें एक अब्ज पेशी धराव्या. म्हणजे पाव लिटर गाळांत साध्या एलपुरत्या पेशी होऊन वर उरतात. मात्र मागचा घाणा हलक्या बिअरचा असावा, भारी बिअरमधून निघालेलें यीस्ट दमलेलें असतें. गाळ स्वच्छ बाटलींत, झांकण सैल ठेवून, थंड कपाटांत ठेवावा आणि दोन आठवड्यांच्या आंत वापरावा. त्याहून जुना झाला तर त्याचेंही थोडें रोप करून फेंस येतो कीं नाहीं तें पाहावें. गाळास आंबूस किंवा कुजका वास आला तर तो फेंकून द्यावा. जावईबापू हल्लीं असेंच करितात. वर्षांतून दोनदां नवें ओलें पाकीट घेऊन त्याचें रोप, त्यावर चार हलके घाणे गाळानेंच, आणि भारी बिअर असेल तेव्हां सुकीं दोन पाकिटें. इडलीचें पीठ ओट्यावर, आणि रोपाचें भांडें वरच्या मजल्यावर पुस्तकांच्या कपाटांत असतें.